जुना सर्व्हर बदलताना सर्टिफिकेटांचं काय करायचं?

प्रश्न असा आहे: वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिसात एकच जुना विंडोज सर्व्हर आहे. डोमेन कंट्रोलर (ऑफिसातली खाती आणि लॉगिन सांभाळणारा), एक्स्चेंज हा मेल सर्व्हर, बाहेरून काम करणाऱ्यांसाठी रिमोट डेस्कटॉप गेटवे आणि कधीकाळी बसवलेली, ऑफिसापुरती सर्टिफिकेटं देणारी अंतर्गत सर्टिफिकेट ऑथॉरिटी, म्हणजे सीए, सगळं त्याच्यावरच चालतं. आता नव्या मशिनवर दोन-तीन व्हर्च्युअल सर्व्हर करून हे सगळं तिकडे न्यायचं आहे. जुनीकडून सर्टिफिकेटं, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारे डिजिटल दाखले, एक्स्पोर्ट करून नवीकडे इम्पोर्ट केली की काम झालं का?

बाहेरच्या कंपनीकडून घेतलेल्या सर्टिफिकेटपुरतं जवळपास झालं. अंतर्गत सीएने दिलेली सर्टिफिकेटं, डोमेन कंट्रोलरचं सर्टिफिकेट आणि लोकांनी एन्क्रिप्ट केलेल्या फायली यांचं तसं नाही, आणि कायमचं नुकसान होतं ते इथेच. वेबमेलवर लाल इशारा आला तर पाच मिनिटांत फोन येतो. फायली उघडायची किल्ली जुन्या डिस्कबरोबर पुसली गेली, हे मात्र सहा महिन्यांनी कळतं, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी यादी करा. जुन्या सर्व्हरवर लोकल कॉम्प्युटरचा सर्टिफिकेट कन्सोल उघडा आणि पर्सनल स्टोअरमधल्या प्रत्येक सर्टिफिकेटसाठी एक ओळ लिहा: कोणत्या नावांसाठी आहे, कोणी दिलंय, मुदत कधी संपते, थंबप्रिंट (सर्टिफिकेटची ओळखखूण) काय, आणि ते कोणती सेवा वापरते. शेवटचा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, पण खरी यादी तीच. 'नेटश'मधली 'एचटीटीपी शो एसएसएलसर्ट' ही कमांड कोणत्या आयपी आणि पोर्टवर कोणतं थंबप्रिंट बांधलंय ते दाखवते. एक्स्चेंजच्या शेलमध्ये 'गेट-एक्स्चेंजसर्टिफिकेट' चालवलं की प्रत्येकासमोर सेवांची अक्षरं दिसतात. गेटवेचं सर्टिफिकेट गेटवे मॅनेजरच्या प्रॉपर्टीजमध्ये एसएसएल टॅबवर असतं. वाय-फायला डोमेनच्या पासवर्डने लॉगिन होत असेल तर नेटवर्क पॉलिसी सर्व्हरच्या पॉलिसीत, पीईएपी या लॉगिन पद्धतीच्या सेटिंगमध्ये एक सर्टिफिकेट निवडलेलं असतं. ते हमखास विसरलं जातं.

मग दुसऱ्या एखाद्या मशिनवरून ओपनएसएसएल या साधनाच्या 'एस_क्लायंट' कमांडने ४४३, २५, ५८७, ९९३, ६३६ आणि ३३८९ हे पोर्ट एकेक करून तपासा. मेलच्या २५ आणि ५८७ साठी 'स्टार्टटीएलएस एसएमटीपी' हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर काहीच दिसत नाही. ६३६ वर, म्हणजे एलडॅप्सवर (डोमेनच्या डिरेक्टरीशी एन्क्रिप्ट केलेली जोडणी), उत्तर आलं तर त्या पोर्टवर कोण जोडलं जातंय ते शोधा. बहुतेक वेळा स्कॅनर, नॅस (नेटवर्कवरची फाइल साठवण) किंवा फायरवॉल निघतो, आणि त्याच्यात जुन्या सर्व्हरचं नाव आणि जुन्या सीएचं रूट, म्हणजे त्याचं स्वतःचं मुळातलं, सर्टिफिकेट हाताने भरलेलं असतं.

आता बाहेरून घेतलेलं सर्टिफिकेट. सर्टिफिकेट स्वतः गुप्त नसतं, जोडणी होताना ते सर्व्हर कोणालाही देतो. जपायची असते ती त्याची प्रायव्हेट की, म्हणजे त्याच्या जोडीची गुप्त किल्ली. ती आहे की नाही हे सर्टिफिकेट उघडल्यावर पहिल्याच टॅबवर तळाशी कळतं: छोट्या किल्लीचं चित्र, आणि या सर्टिफिकेटशी जुळणारी प्रायव्हेट की तुमच्याकडे आहे असं सांगणारी ओळ. ती ओळ नसेल तर तिथून एक्स्पोर्ट केलेली फाइल नव्या सर्व्हरला उपयोगाची नाही.

माझं मत स्पष्ट आहे: वेळ असेल तर जुनी किल्ली हलवू नका. नव्या सर्व्हरवरच नवीन विनंती, म्हणजे सीएसआर, तयार करा आणि त्याच कंपनीकडून सर्टिफिकेट पुन्हा काढून घ्या. मुदतीत असलेल्या सर्टिफिकेटसाठी बहुतेक कंपन्या याचे वेगळे पैसे घेत नाहीत. जुनी किल्ली इतक्या वर्षांत किती बॅकअपमध्ये आणि कोणाकोणाच्या पेनड्राइव्हवर गेली आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. नवी किल्ली केली की तो प्रश्नच मिटतो. पण पुन्हा काढण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या. नवीन दिल्यावर काही कंपन्या ठरावीक तासांनी जुनं सर्टिफिकेट आपोआप रद्द करतात. तुमचा जुना सर्व्हर अजून चालू असेल तर तो मधेच उघडा पडेल.

जुनंच न्यायचं असेल तर पीएफएक्स फाइल करा, म्हणजे सर्टिफिकेट आणि किल्ली एकत्र असलेली, पासवर्डने बंद केलेली फाइल. एक्स्पोर्टच्या विझार्डमध्ये 'प्रायव्हेट की एक्स्पोर्ट करा' हा पर्याय फिकट दिसत असेल, तर किल्ली आणतानाच ती बाहेर काढता येणार नाही अशी ठेवलेली आहे. तेव्हा ती उकरून काढायची साधनं शोधत बसू नका, सर्टिफिकेट पुन्हा काढून घ्या. पर्याय चालू असेल तर संपूर्ण साखळी (वरच्या सीएंची सर्टिफिकेटं) सोबत घ्यायच्या चौकटीत खूण करा, आणि एक्स्पोर्ट यशस्वी झाल्यावर प्रायव्हेट की पुसायच्या चौकटीत चुकूनही करू नका. त्या खुणेने चालू सर्व्हर जागेवर बंद पडतो.

पासवर्ड अगदी बरोबर टाकूनही इम्पोर्टच्या वेळी 'पासवर्ड चुकीचा आहे' असं आलं तर पासवर्डवर संशय घेऊ नका. विंडोज सर्व्हर २०१६ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना एईएस-२५६ ने बंद केलेली पीएफएक्स उघडता येत नाही, आणि तक्रार मात्र त्या पासवर्डची करतात. नव्या विंडोजवर एक्स्पोर्ट करताना एन्क्रिप्शनच्या जागी ट्रिपलडीईएस-शा१ निवडा. ओपनएसएसएल ३ ने फाइल बनवत असाल तर 'लेगसी' पर्याय द्या. उलट दिशेनेही तेच: जुन्या विंडोजची पीएफएक्स ओपनएसएसएल ३ वर उघडायला 'लेगसी' लागतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक त्याच्यापुढची आहे. पीएफएक्सवर डबल क्लिक केलं की विझार्ड 'करंट युजर' सुचवतो, आणि माणूस 'नेक्स्ट' दाबत जातो. सर्टिफिकेट ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात जातं, आयआयएसला, म्हणजे विंडोजच्या वेब सर्व्हरला, दिसत नाही. मग कोणीतरी ते कन्सोलमधून ओढून लोकल कॉम्प्युटरच्या पर्सनलमध्ये टाकतं. आता ते दिसतं, पण किल्ली मागे युजरच्या प्रोफाइलमध्येच राहिलेली असते, आणि आयआयएसमध्ये बांधायला गेलं की 'लॉगऑन सेशन अस्तित्वात नाही' असा, कारणाशी काही संबंध नसलेला संदेश येतो. उपाय सोपा आहे: दोन्हीकडून काढून टाका आणि पुन्हा थेट लोकल कॉम्प्युटरमध्ये इम्पोर्ट करा. सीएसआर याच मशिनवर केलेला असेल आणि फक्त जोड तुटला असेल, तर 'सर्टयुटिल'च्या 'रिपेअरस्टोअर'ला सिरियल नंबर दिला की जोड परत लागतो.

एक्स्चेंजसाठी आणखी एक काळजी. किल्ली नव्या पद्धतीच्या, सीएनजी प्रोव्हायडरमध्ये (प्रोव्हायडर म्हणजे किल्ल्या सांभाळणारा विंडोजचा भाग) असेल तर वेबमेलचं लॉगिन पान येतं, पासवर्ड स्वीकारला जातो आणि पुन्हा लॉगिन पानच समोर येतं. 'सर्टयुटिल'ने इम्पोर्ट करताना 'सीएसपी' म्हणून मायक्रोसॉफ्ट आरएसए एसचॅनल क्रिप्टोग्राफिक प्रोव्हायडर दिला की हा फेरा थांबतो. सेवा जोडताना आधीचं एसएमटीपी (मेल पाठवण्याच्या सेवेचं) सर्टिफिकेट बदलायचं का, असा प्रश्न येतो. तिथे 'नाही' म्हणा, सर्व्हरच्या अंतर्गत वापरासाठीचं स्वतःचं सर्टिफिकेट राहू द्या. आणि यादीत दिसणारं 'एक्स्चेंज सर्व्हर ऑथ' नावाचं सर्टिफिकेट अनोळखी वाटलं म्हणून काढू नका.

नवीन एक्स्चेंज बसवता त्या मिनिटापासून तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, स्वतःची ऑटोडिस्कव्हर नोंद (मेल सर्व्हर कुठे आहे ते आउटलुकला सांगणारी) टाकतो. अजून एकही मेलबॉक्स हलवलेला नसतो, तरी ऑफिसातली आउटलुकं त्याला विचारायला लागतात आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर न ओळखता येणाऱ्या सर्टिफिकेटचा इशारा येतो. म्हणून इन्स्टॉल संपताच, चहालाही न उठता, 'सेट-क्लायंटॲक्सेससर्व्हिस'ने नव्या सर्व्हरचा अंतर्गत ऑटोडिस्कव्हर पत्ता जुना चालू असलेलाच देऊन टाका. इन्स्टॉल शक्यतो ऑफिस सुटल्यावर करा.

नावांचा घोळ इथेच सोडवून घ्या. जुन्या सेटअपमध्ये सर्व्हरचं नाव 'डॉट लोकल'ने संपणारं असतं. १ नोव्हेंबर २०१५ नंतर संपणारं सर्टिफिकेट अशा अंतर्गत नावांसाठी देता येणार नाही असा सार्वजनिक सीएंचा नियम आहे, त्यामुळे त्या नावासाठी बाहेरचं सर्टिफिकेट मिळणार नाही. यावर उपाय असा की आत आणि बाहेर एकच सार्वजनिक नाव वापरायचं: अंतर्गत डीएनएसमध्ये फक्त त्या नावाचा, म्हणजे 'रिमोट', 'मेल' वगैरे, छोटा झोन (नोंदींचा गट) करून त्यात आतला आयपी द्या. पूर्ण डोमेनचा झोन आत केलात तर वेबसाइटसकट बाकीच्या सगळ्या नोंदी हाताने सांभाळत बसावं लागेल.

साखळीबद्दल थोडक्यात. 'कॉम्प्युटरवर चालतं, फोनवर इशारा येतो' ही तक्रार आली की इंटरमिजिएट, म्हणजे रूट आणि तुमच्या सर्टिफिकेटला जोडणारं मधलं, सर्टिफिकेट पोचलेलं नाही असं समजा. विंडोज ते स्वतः शोधून आणतं आणि लक्षात ठेवतं, त्यामुळे ॲडमिनच्या मशिनवर सगळं ठीक दिसतं. बरेचसे फोन आणि मेल सर्व्हर तसं करत नाहीत. नव्या सर्व्हरच्या 'इंटरमिजिएट' स्टोअरमध्ये ते आहे का बघा. ते 'ट्रस्टेड रूट'मध्ये टाकलं गेलं असेल तर तिथून काढा.

रिमोट डेस्कटॉपचं पूर्ण डिप्लॉयमेंट असेल तर सर्टिफिकेट चार ठिकाणी द्यायचं असतं: ब्रोकरचं (जोडण्या वाटून देणाऱ्या सेवेचं) सिंगल साइन-ऑन, ब्रोकरचं पब्लिशिंग, वेब ॲक्सेस आणि गेटवे. विझार्ड एका वेळी एकच स्वीकारतो. प्रत्येकानंतर 'अप्लाय' दाबून थांबा. त्याच सर्व्हरवर एसएसटीपी व्हीपीएन असेल तर तोही ४४३ वापरतो आणि रूटिंग सेवेत त्याचं सर्टिफिकेट वेगळं निवडावं लागतं.

आता अंतर्गत सीए, म्हणजे या कामातला खरा अवघड भाग. सीएची भूमिका असलेला डोमेन कंट्रोलर डिमोट करता, म्हणजे त्याची कंट्रोलरची भूमिका काढता, येत नाही, आधी सीए काढावाच लागतो. त्यामुळे हा निर्णय शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. पहिला प्रश्न: या सीएची खरोखर गरज आहे का? त्याच्या कन्सोलमध्ये 'इश्यूड सर्टिफिकेट्स' उघडा आणि मुदत न संपलेली सर्टिफिकेटं मोजा. स्मॉल बिझनेस सर्व्हर २००८ आणि २०११ हे सीए आपोआप बसवून टाकत, मुख्यतः रिमोट पानाच्या सर्टिफिकेटसाठी. तिथे यादीत वेबचं एक आणि डोमेन कंट्रोलरचं एक एवढंच निघालं, तर सीए निवृत्त करा आणि वेबला बाहेरचं सर्टिफिकेट घ्या. वाय-फाय, एलडॅप्स, लॅपटॉपांची मशीन सर्टिफिकेटं असं बरंच काही निघालं तर तो हलवा, पण नव्या डोमेन कंट्रोलरवर नको. वेगळ्या मेंबर सर्व्हरवर (डोमेनमधला, पण कंट्रोलर नसलेला) ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी हीच गाठ पडणार नाही.

हलवण्याचा क्रम असा. सीए कन्सोलमधून बॅकअप घ्या, त्यात प्रायव्हेट की आणि डेटाबेस दोन्ही. रजिस्ट्रीत 'सर्टएसव्हीसी' सेवेखालची 'कॉन्फिगरेशन' शाखा एक्स्पोर्ट करा. विंडोज फोल्डरमध्ये 'सीएपॉलिसी' फाइल असेल तर तीही घ्या, आणि कोणते टेम्प्लेट (सर्टिफिकेटांचे साचे) चालू आहेत ते लिहून ठेवा. रद्द सर्टिफिकेटांची यादी, म्हणजे सीआरएल, मुळात आठवड्याची असते आणि डेल्टा (फक्त नव्या बदलांची) यादी एका दिवसाची. काम अडकलं तर मधेच मुदत संपून सगळीच सर्टिफिकेटं संशयित ठरतात. म्हणून आधी मुदत दोन-तीन आठवडे करून नवी सीआरएल प्रसिद्ध करा. हे सगळं हाती आल्यावर आणि बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडून पाहिल्यावरच जुन्या सर्व्हरवरून सीए काढा, आणि मगच नवीकडे बसवा. क्रम उलटा झाला तर जुना सीए काढताना त्याच नावाच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या नोंदी पुसल्या जातात आणि नवा सीए अनाथ होतो.

नव्या सर्व्हरवर भूमिका बसवताना 'अस्तित्वात असलेली प्रायव्हेट की वापरा' निवडा. प्रकार आणि सीएचं नाव जसंच्या तसं राहायला हवं; मशिनचं नाव बदललं तर चालतं. मग डेटाबेस रिस्टोअर करा. रजिस्ट्रीची फाइल सरळ आत घेऊ नका, आधी नोटपॅडमध्ये उघडून 'सीएसर्व्हरनेम'मध्ये नव्या मशिनचं नाव घाला आणि डेटाबेसच्या फोल्डरांचे मार्ग तपासा.

एवढं करूनही एक धागा जुन्या नावाला बांधलेला राहतो. आजवर दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटच्या पोटात सीआरएलचा पत्ता छापलेला असतो, आणि त्यात जुन्या मशिनचं नाव असतं. तो बदलता येत नाही. त्यामुळे नव्या सीएच्या एक्स्टेन्शन टॅबमध्ये जुना एलडॅप मार्गही जोडा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत सीडीपी (सीआरएल ठेवायची जागा) याखालच्या जुन्या मशिनच्या कंटेनरवर नव्या मशिनच्या खात्याला लिहायची परवानगी द्या, आणि पत्ता एचटीटीपीचा असेल तर जुना सर्व्हर गेल्यावर त्या नावाचं डीएनएस उपनाम नव्यावर वळवा. शेवटी सीएची तब्येत दाखवणारं 'पीकेआयव्ह्यू' उघडा. सगळ्या ओळी 'ओके' दिसेपर्यंत काम पूर्ण नाही.

सीए निवृत्त करत असाल तर रूट सर्टिफिकेट ग्रुप पॉलिसीतून (डोमेनमधल्या मशिनना सेटिंग पोचवणारी यंत्रणा) लगेच काढू नका. त्याने दिलेलं शेवटचं सर्टिफिकेट वापरातून जाईपर्यंत ते लोकांच्या मशिनवर असू द्या.

आता ज्या किल्लीबद्दल सुरुवातीला लिहिलं ती. विंडोजच्या ईएफएसने, म्हणजे फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या 'एन्क्रिप्ट' खुणेने, बंद केलेल्या फायली मालकाच्या किल्लीने उघडतात, आणि अडचणीच्या वेळी डोमेनच्या रिकव्हरी एजंटच्या, म्हणजे फायली परत मिळवायला नेमलेल्या खात्याच्या, किल्लीने. मूळ व्यवस्थेत ही रिकव्हरीची किल्ली डोमेनमधल्या पहिल्यावहिल्या डोमेन कंट्रोलरवर, ॲडमिनिस्ट्रेटरच्या प्रोफाइलमध्ये असते. एकाच सर्व्हरच्या ऑफिसात पहिला कंट्रोलर म्हणजे तुम्ही आता पुसायला निघालेला तोच सर्व्हर. डोमेन कंट्रोलर नवीन आला म्हणून ही किल्ली त्याच्यासोबत येत नाही. जुन्यावर मूळ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करा, करंट युजरच्या पर्सनल स्टोअरमध्ये उद्देश 'फाइल रिकव्हरी' असलेलं सर्टिफिकेट शोधा आणि प्रायव्हेट कीसकट पीएफएक्स करून दोन ठिकाणी ऑफलाइन ठेवा. त्याची मुदत संपलेली दिसली तरी घ्या. जुन्या फायली उघडायला मुदत आडवी येत नाही. कोणत्या मशिनवर अशा फायली आहेत ते 'सायफर'ला 'यू' आणि 'एन' हे पर्याय देऊन पाहता येतं, काहीही न बदलता.

लिनक्सवरचा एखादा मेल किंवा वेब सर्व्हर याच फेरीत हलत असेल तर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सीएचं सर्टिफिकेट हलवताना 'लाइव्ह' फोल्डरमधल्या फायली एकेक कॉपी करू नका. त्या नुसत्या दुव्याच्या फायली असतात, खऱ्या 'अर्काइव्ह'मध्ये असतात. पूर्ण 'लेट्सएन्क्रिप्ट' फोल्डर दुवे आणि परवानग्या टिकवून 'आरसिंक'च्या 'ए' पर्यायाने न्या आणि जुनीकडचा सर्टबॉटचा (सर्टिफिकेट आपोआप नवं करणाऱ्या प्रोग्रामचा) टायमर बंद करा. एनजिंक्स या वेब सर्व्हरला 'फुलचेन' द्या, नुसतं 'सर्ट' नको. नूतनीकरणानंतर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट या मेल सेवा रीलोड होतील असा डिप्लॉय हुक (आपोआप चालणारी कमांड) लावा. नाहीतर फाइल नवी आणि चालू सेवेच्या मेमरीत सर्टिफिकेट जुनं, असं होऊन बसतं. डीएनएसमध्ये टीएलएसए नोंद (कोणती किल्ली खरी ते सांगणारी) असेल तर किल्ली बदलण्याच्या आधी नवी नोंद जोडा. आणि चाचणीसाठी त्याच नावांचं सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा काढू नका: नावांच्या एकाच संचाला सात दिवसांत पाचच मिळतात. चाचणी त्यांच्या स्टेजिंगवर (चाचणीसाठीच्या सर्व्हरवर) करा.

बाहेरून घेतलेल्या सर्टिफिकेटांची मुदत आता झपाट्याने कमी होते आहे. सप्टेंबर २०२० पासून कमाल ३९८ दिवस होती; १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असं ठरलं आहे. हाताने बदलण्याच्या सवयीवर नवीन सर्व्हर उभा करू नका. विंडोजवर विन-ॲक्मी हा सर्टिफिकेट आपोआप काढणारा प्रोग्राम आयआयएसबरोबर गेटवे आणि एक्स्चेंजलाही स्क्रिप्टने नवं सर्टिफिकेट लावतो. ऑफिसचा सार्वजनिक आयपी एकच असेल तर पोर्ट ८० एकाच व्हर्च्युअल सर्व्हरकडे वळवता येतो. बाकीच्यांसाठी डीएनएसमधल्या टीएक्सटी नोंदीची पडताळणी वापरा.

प्रत्यक्ष बदलाच्या एक-दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. एका चाचणी मशिनच्या होस्ट फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी टाकून वेबमेल, आउटलुक आणि गेटवे तिन्ही खऱ्या नावानेच उघडून बघा; आयपीने उघडून काही सिद्ध होत नाही. जुन्या साइटवर एचएसटीएस, म्हणजे फक्त सुरक्षित जोडणीची सक्ती, चालू असेल तर चाचणी आणखी नीट करा, कारण सर्टिफिकेट चुकलं तर ब्राउझर 'तरीही पुढे जा' हा पर्यायसुद्धा देणार नाही. नव्या व्हर्च्युअल सर्व्हरचं घड्याळही बघा. ते मागे असेल तर आजच काढलेलं सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून नाकारलं जातं.

बदल झाल्यावर सगळ्या पीएफएक्स फायली शेअर, डाउनलोड्स आणि मेलच्या 'सेंट'मधून पुसा. नव्या किल्लीने सर्टिफिकेट काढलं असेल तर जुनं रद्द करायला सांगा, कारण 'सुपरसीडेड' द्या. जुना सर्व्हर नीट डिमोट करून बंद ठेवा, पण निदान महिनाभर त्याच्या डिस्क पुसू नका: महिनाअखेरीला एकदाच चालणारा स्कॅनर किंवा हिशेबाचा प्रोग्राम सुरुवातीला केलेल्या यादीतल्या रिकाम्या रकान्यात बसणारा असू शकतो.